आठी पडायच्या आधीच इस्त्री?

डॉक्टर काकू, नमस्कार. मी 25 वर्षांची, हिंजवडीत नोकरी करते. दिवसाचे पाच-सहा तास व्हिडिओ कॉलवर जातात. बोलताना माझ्या कपाळावर तीन आडव्या आठ्या पडतात हे गेल्या वर्षभरात लक्षात आलं आणि आता दुसरं काही दिसतच नाही. माझ्या रूममेटने ‘प्रिव्हेन्टिव्ह बोटॉक्स’, म्हणजे आठ्या पडू नयेत म्हणून आधीच घ्यायचं इंजेक्शन, घेतलं. तिच्यासोबत क्लिनिकमध्ये गेले तर तिथल्या काउन्सेलरने माझ्याच हातात आरसा दिला आणि म्हणाली, “आठ्या एकदा बसल्या की मग काही खरं नाही. आत्ता सुरू केलंस तर पडणारच नाहीत.” वर्षाला तीन सेशन, 36,000 रुपये, आणि ओठांचं फिलर अर्ध्या किमतीत. 2,000 रुपये भरून शनिवारची वेळ घेतली आहे. तुळशीचं लग्न झालं की आमचं लग्न आहे. आई म्हणाली, “विष टोचून घेणार का तोंडात?” होणाऱ्या नवऱ्याला सांगितलेलं नाही. घेऊ की नको? आणि आत्ता नाही घेतलं तर खरंच उशीर होईल का?
– आठीवाली, कर्वेनगर

आठीवाली, नाव झकास घेतलंस. काकू म्हणालीस म्हणून अगं-तुगंच करते.

आधी एक कबुली, म्हणजे पुढचं वाचताना ‘ही जुन्या वळणाची बाई’ असं वाटणार नाही. मी स्वतः हे इंजेक्शन देते. गेली अठरा वर्षं देतेय. आठ्यांसाठी देते, काखेत घामाच्या धारा लागतात त्यांनाही देते, आणि त्याचे पैसे घेते. नीट माणसाने नीट हाताने दिलं तर ते चांगलं औषध आहे. तरीही शनिवारी जाऊ नकोस.

उशिराचं आधी बघू, कारण तुला घाबरवलंय ते त्याच शब्दाने.

तुझ्या आईच्या कपाटात पैठणी असेल. तिला विचार, वर्षातून एकदा ती बाहेर काढून घडी का बदलते. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं दुमडलेलं रेशीम त्या रेषेवर विरतं. कपाळाचंही तसंच चालतं. भुवया वर गेल्या की कातडीची घडी पडते, खाली आल्या की मोडते. पंचविशीत कातडीत लवचिकपणा भरपूर असतो, त्यामुळे घडी मोडली की खूण राहत नाही. चाळिशीकडे जाताना ती पुरती मोडेनाशी होते, चेहरा शांत असतानाही रेघ दिसत राहते. हिला आम्ही बसलेली आठी म्हणतो. पहिली आहे ती नुसती हालचाल.

आता उठ आणि खिडकीपाशी जा. सकाळचा उजेड बघ, ट्यूबलाइट नको आणि फोनचा कॅमेरा तर नकोच. हातआरसा घे, चेहरा सैल सोड, काहीही विचार करू नकोस (हे जमायला जरा वेळ लागतो). कपाळावर रेघ आहे का? मग भुवया जोरात वर कर, पाच आकडे मोज, सोड. रेघ गेली का? तू लिहिलं आहेस की ‘बोलताना’ पडतात. गेली असेल, मी पैज लावते. म्हणजे तुला आठ्या नाहीत, तुला कपाळ आहे आणि ते हलतं.

आणि समज, पस्तिशीत एक बारीक रेघ बसलेली दिसली. मग काही खरं नाही? अगं, हे औषध मुळात त्यासाठीच आहे. 2002 साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, भुवयांमधल्या आठ्यांसाठी याला मंजुरी दिली, ती ज्यांच्या आठ्या मध्यम ते ठळक आहेत अशा प्रौढांसाठी, आणि शब्द होता ‘तात्पुरती सुधारणा’. प्रतिबंध हा शब्द त्यात नव्हता. नुकती बसलेली रेघ या इंजेक्शनने बऱ्यापैकी पुसट होते. खोल गेली असेल तर वेळ लागतो, जोडीला दुसरं काही करावं लागतं, पण दार बंद झालं असं कधी होत नाही. काउन्सेलरने तुला ज्या गाडीची वेळ सांगितली, ती दर तासाला सुटते.

आधी घेतल्याने पुढच्या आठ्या कमी पडतात का? तत्त्वाने पटण्यासारखं आहे, घडीच पडली नाही तर खूण कुठून येणार. सगळे जण पुरावा म्हणून दाखवतात तो 2006 सालचा जुळ्या बहिणींचा अभ्यास. दोघी 38 वर्षांच्या, एकीने 13 वर्षं नियमाने इंजेक्शनं घेतली, दुसरीने फक्त दोनदा. पहिलीच्या कपाळावर शांत चेहऱ्यात रेघा नव्हत्या, दुसरीच्या होत्या. फोटो बोलके आहेत, मीही पेशंटना दाखवलेत. पण त्या दोन बायका आहेत गं. दोन बायकांवरून आपण कुकरसुद्धा निवडत नाही.

आईच्या ‘विष’ या शब्दाला मात्र हसू नकोस, ती शब्दशः बरोबर आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचं ते विष. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत युस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरने खराब सॉसेज खाऊन लुळ्या पडलेल्या माणसांच्या नोंदी ठेवल्या, तिथून ही कथा सुरू होते. (गृहस्थ कवीही होते.) पुढे सॅन फ्रान्सिस्कोत अॅलन स्कॉट या डोळ्यांच्या डॉक्टरने ते तिरळेपणासाठी वापरलं आणि 1989 मध्ये त्याला मंजुरी मिळाली. आठ्यांचा शोध तर योगायोगाचा. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये कॅरुथर्स नावाचं डॉक्टर जोडपं होतं, ती डोळ्यांची, तो कातडीचा. पापण्यांच्या आजारासाठी इंजेक्शन घेणाऱ्या एका पेशंटच्या भुवयांमधल्या आठ्या गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि 1992 मध्ये त्यांनी ते छापलं. नसेकडून स्नायूला ‘आकस’ असा निरोप जातो, तो हे औषध अडवतं, एवढंच त्याचं काम. तीन-चार दिवसांत परिणाम दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण बसतो, तीन ते चार महिन्यांत उतरतो. आईला सांग, आपले वैद्य बिब्बा आणि बचनाग वापरतात तसंच हे. मात्रा आणि हात, सगळं त्यावर आहे.

हातावरून सांगते, कारण तुझ्या पत्रातल्या ‘कपाळावर’ या शब्दापाशी मी अडखळले. कपाळाचा तो एकच स्नायू भुवया वर उचलतो. खाली ओढणारे बरेच आहेत, वर उचलणारा एकटाच. तुझ्या आडव्या आठ्या याच स्नायूच्या. नुसता तोच सैल केला आणि खाली ओढणाऱ्यांना हात लावला नाही, तर भुवया जड होऊन खाली बसतात. ‘डोक्यावर ओलं फडकं ठेवल्यासारखं वाटतंय’ असं एका पेशंटने मला सांगितलं होतं. म्हणून औषधाच्या माहितीपत्रकातही आडव्या आठ्यांसोबत भुवयांमधल्या आठ्यांना द्यायला सांगितलंय, 20 युनिट इथे, 20 तिथे (युनिट हे या औषधाचं माप). बाजूचा भाग सुटला तर उलटं होतं, भुवयांची टोकं वर जातात आणि माणूस सदा संशय घेतल्यासारखा दिसतो. ‘बेबी बोटॉक्स’ म्हणून थेंब-थेंब औषध देतात त्यात हा धोका थोडा कमी, पण ते उतरतंही लवकर.

माझीच एक गोष्ट सांगते. दहा वर्षं झाली असतील. बँकेत नोकरी करणारी मुलगी, भावाच्या लग्नाला तीन आठवडे होते. मी भुवयांमध्ये पाच ठिकाणी दिलं, जसं द्यायचं तसंच. पाचव्या दिवशी सकाळी फोन आला, “मॅडम, डावा डोळा अर्धाच उघडतोय.” औषध मिलिमीटरभर सरकून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचलं होतं. मी डोळ्यात घालायचे थेंब दिले. त्यांनी पापणी जराशी वर येते, बाकी वाट बघायची, कारण एकदा बसलेला परिणाम उतरवणारा उतारा नाही. तिने पाच आठवडे वाट बघितली. हळदीच्या एकूण एक फोटोंत ती उजवा गाल पुढे करून उभी आहे. पैसे परत केले. ती माझ्याकडे पुन्हा आली नाही आणि ते योग्यच होतं. असं क्वचित होतं, सहसा बरंही होतं. पण मला आज ते आठवलं कारण तू ‘तुळशीचं लग्न झालं की’ असं लिहिलंस.

आता पॅकेज. 36,000 रुपयांत किती युनिट, हे तुझ्या पत्रात नाही. तुला सांगितलंच नसणार. दुधाचा भाव लिटरवर असतो आणि याचा युनिटवर. ‘सेशन’ हे माप नाही. व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, बहुधा 50 किंवा 100 युनिटची येते, कोरड्या पुडीसारखी, 2 ते 8 अंशांत ठेवायची. सलाइन घालून पातळ केली की 24 तासांत वापरायची असं माहितीपत्रक सांगतं. सलाइन जास्त घातलं की तेवढंच औषध जास्त सिरिंजमध्ये दिसतं, आणि तुला कळायला काही मार्ग नाही. बऱ्याच क्लिनिकमध्ये शनिवारी ‘बोटॉक्स डे’ असतो तो उगीच नाही. एक व्हायल फोडली की चार-पाच जणींत संपवायची असते, खरं तर ती एकाच पेशंटसाठी असते. तुला शनिवारच का मिळाला, हे आता ओळख. आणि एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटइतकं नसतं, त्यामुळे ब्रँडचं नाव न सांगता आकडा सांगितला तर तोही निरुपयोगी.

हिशोबही करून बघ. आज सुरू केलंस आणि 45 पर्यंत चालू ठेवलंस तर आजच्याच दराने 7,20,000 रुपये. थांबवलंस तर चार महिन्यांत स्नायू पूर्वीसारखा हलू लागतो, चेहरा आधीपेक्षा बिघडत नाही (ही भीतीही काही जण घालतात, ती खोटी). म्हणजे ‘प्रिव्हेन्टिव्ह’ हा एक चालूच राहणारा हप्ता आहे, लस नव्हे. शिवाय सतत, थोड्या-थोड्या दिवसांनी टोचत राहिलं तर काहींच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि औषध लागू पडेनासं होतं. आठ्यांच्या मात्रेत हे कमी घडतं, पण हेच औषध जुन्या मायग्रेनला देतात, पक्षाघातानंतर आखडलेल्या हाताला देतात. पंचविशीपासून ते खर्ची घालावं का, हा विचार माझ्या मनात येतो खरा.

ओठांच्या फिलरला मात्र सरळ नाही म्हण. ते वेगळंच प्रकरण आहे. ओठ भरायला टोचतात ती जेल रक्तवाहिनीत गेली तर तिथली कातडी मरू शकते, क्वचित दृष्टी जाते. ते विरघळवायचं इंजेक्शन हाताशी असलेला आणि ते कधी द्यायचं हे कळणारा माणूस लागतो. ‘अर्ध्या किमतीत’ घ्यायची ही वस्तू नाही.

मग आठ्या पडतात त्या का पडतात, ते तरी शोधू या. चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासलास? मला अशा कितीतरी मुली भेटल्यात ज्यांना इंजेक्शनऐवजी पाऊण नंबरचा चष्मा हवा होता. स्क्रीन नीट दिसत नाही म्हणून दिवसभर भुवया ताणलेल्या किंवा आवळलेल्या. लॅपटॉप टेबलावर खाली आणि तू मान खाली घालून, भुवया उचलून बोलतेस का, तेही बघ. चार पुस्तकं त्याच्याखाली ठेव. आणि कॉलवर स्वतःची चौकट लपवायची सोय असते, ती आजच वापर. मिटिंगमध्ये सहा तास आरसा समोर धरून बसलेली बाई आजीला सांगितली असती तर तिने दृष्ट काढली असती. फोनचा पुढचा कॅमेरा जवळून चेहरा वेडावाकडा दाखवतो, नाक मोठं, कपाळ वेगळं. त्याला साक्षीदार मानू नकोस.

आणि ऊन. तू कर्वेनगरहून हिंजवडीला दुचाकीने जात असशील तर रोज तासभर तरी ऊन खातेस. पुण्याच्या मुलींच्या स्कार्फची आयुष्यभर चेष्टा झाली, पण कातडीच्या डॉक्टर म्हणून मी त्या स्कार्फला हात जोडते. फक्त त्याने कपाळाचा वरचा भाग आणि डोळे उघडे राहतात, आणि आपण उन्हाला डोळे बारीक करत गाडी चालवतो. गॉगल लाव. सनस्क्रीन एसपीएफ 30 च्या वरचं, तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही. आता याचा पुरावा ऐक. ऑस्ट्रेलियात नॅम्बूर गावी 55 वर्षांखालच्या 903 जणांना साडेचार वर्षं बघितलं. अर्ध्यांनी रोज सनस्क्रीन लावलं, अर्ध्यांनी मनात येईल तेव्हा. हाताच्या पाठीच्या कातडीचे ठसे घेऊन तुलना केली, तर रोज लावणाऱ्यांत म्हातारपणाच्या खुणा 24 टक्के कमी. 2013 मध्ये हे छापून आलं. प्रतिबंध हा शब्द इथे शोभतो. 500-600 रुपयांची ट्यूब आहे, काउन्सेलर लागत नाही.

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत सुरकुत्या मुळात उशिरा येतात. आधी येतात ते वांग आणि डाग, आणि त्यावर बोटॉक्सचा काडीचा उपयोग नाही. रूममेट जी नाईट क्रीम सुचवेल ती दुकानातून आणून लावू नकोस. आपल्याकडे गोरेपणाच्या नावाखाली स्टेरॉइडची क्रीम सर्रास मिळतात, त्यांनी कातडी कागदासारखी पातळ होते. डॉक्टरांकडून ट्रेटिनॉइन नावाचं रात्री लावायचं क्रीम घेतलंस तर त्याचा खरंच फायदा आहे, फक्त मूल हवं असेल तेव्हा आधी बंद करायचं. तसं बोटॉक्सही गरोदरपणात आणि अंगावर पाजताना आम्ही देत नाही. वीस वर्षांच्या हिशोबात हे खंड धरलेत का, क्लिनिकला विचारून बघ.

तिशी उलटल्यावर खिडकीपाशी आरशात रेघ दिसली आणि तुला ती नको वाटली, तर खुशाल घे. तेव्हा त्वचारोगाची किंवा प्लास्टिक सर्जरीची पदवी असलेल्या डॉक्टरकडे जा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव आणि नोंदणी तपासता येते. सुई त्यांच्याच हातात असावी, व्हायल तुझ्यासमोर फोडावी, ब्रँड, बॅच नंबर आणि युनिट कागदावर लिहून द्यावेत. पापणी खाली आली तर काय करणार, असं विचार. “तसं होतच नाही” म्हणाले तर चप्पल घालून बाहेर ये. 2024 मध्ये अमेरिकेतही बनावट बोटॉक्सने लोक आजारी पडून दवाखान्यात गेले होते, इथे तर बाटली बघून घेणं भागच आहे. आणि कुठल्याही समारंभाच्या आधीच्या दोन महिन्यांत पहिलं इंजेक्शन कधीही नाही.

होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं की नाही, हे मी ठरवणार नाही. कपाळ तुझं आहे. पण पत्रात ते वाक्य तू आपणहून घातलंस, म्हणजे ते सलतंय. एकदा चहा पिताना सांगून टाक, बहुतेक तो विचारेल, “कुठल्या आठ्या?”

राहिले 2,000 रुपये. फोन करू नकोस, व्हॉट्सअॅपवर लिही, म्हणजे नोंद राहते. ‘शनिवारची वेळ रद्द करते आहे, उपचार घेतलेला नाही, आगाऊ रक्कम परत करावी’, एवढंच. कारण सांगायचं नाही, नाहीतर समजावायला फोन येईल आणि तू पुन्हा आरसा हातात घेशील. पावतीवर ‘परत मिळणार नाही’ असं छापलेलं असलं तरी माग. टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. परत मिळाले तर त्यातून चष्म्याचा नंबर तपासून घे, आणि काय निघाला ते मला कळव.

– डॉक्टर काकू